पंख्याला घातलेला हार

तो दोरा माझा होता. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोललो असतो तर पुढचं काही लिहायची पाळी आली नसती. नावेच्या नव्या इंजिनाच्या पंख्यात गुंतलेला तो दोरा मीच ओवला होता, मीच बांधला होता. चार माणसांसमोर तो माझ्याच हातात निघाला, तेव्हा मी म्हणालो, "जाळ्याचा दिसतोय." आमच्या काठावर जाळं एकाच माणसाचं होतं.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. परळी तालुक्यात, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका गावात. विहिरीतली किंवा बोअरची मोटार जळाली की लोक ती मोटारसायकलला आडवी बांधून माझ्याकडे आणतात. जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, कॉइल दोऱ्याने आवळून बांधायच्या, वॉर्निश पाजायचं. अर्धं आयुष्य यात गेलं. गावात मला कुणी नावाने हाक मारत नाही, मिस्तरी म्हणतात. त्या हाकेचा मला गर्व होता, हेही इथेच सांगून टाकतो.

गावाचं अर्धं शिवार पाण्यापलीकडे आहे. गाडीरस्त्याने फेरा घालून जायचं म्हटलं तर सकाळ मोडते. म्हणून लोक थर्माकोलच्या जाड पाट्या खताच्या पोत्यांत शिवून त्याचे तराफे करत आणि त्यावर बसून पलीकडे जात. कापूस वेचणाऱ्या बाया, दुधाचे कॅन, कधी एखादं आजारी वासरू. त्यांना वल्हवत नेणारे आबा. माझ्या नात्यातले नव्हेत, सगळं गावच त्यांना आबा म्हणतं. भोई समाजाचे, साठी ओलांडलेले, अंगाने काटक. मासेमारी त्यांचीच, जाळीही त्यांचीच.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका संस्थेने गावाला फायबरची नाव आणि तिच्या मागच्या फळीला लावायचं नवं इंजिन दिलं. ते बसवायला आलेला माणूस एक दिवस राहिला, सगळं दाखवलं, इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि गेला. सरपंचांची बरीचशी जमीन पलीकडे, त्यामुळे नावेची काळजी त्यांना सगळ्यांत जास्त. त्यांनी तिथल्या तिथे वाटणी केली, "आबा हाकतील, मिस्तरी जपतील."

मी पुस्तिका घरी नेली. इंग्रजी मला अडखळतच येतं, पण चित्रं भरपूर होती. त्यातलं निम्मं समुद्राच्या खाऱ्या पाण्याबद्दल होतं, ते सोडून दिलं. उरलेलं चार वेळा वाचलं. एका पानावर पंख्यामागच्या दांड्याला दोरा गुंडाळलेला दाखवला होता आणि त्यावर मोठी फुली मारलेली होती. ते पान मी पाहिलं होतं. चारही वेळा पाहिलं होतं.

ते इंजिन पहिल्यांदा चालताना पाहिलं ती सकाळ मी विसरणार नाही. बोअरची मोटारही पाण्यात बुडूनच चालते, पण ती खाली अंधारात. तिचं चालणं आपल्याला दिसत नाही. हे इंजिन माझ्यासमोर पाण्यात पाय सोडून उभं होतं. आबांनी दोरी ओढली, ते सुरू झालं, आणि त्याच्या मागच्या अंगाने करंगळीहून बारीक अशी पाण्याची धार बाहेर पडू लागली. खालच्या बारीक भोकांतून ते तलावाचं पाणी वर ओढतं, आपल्या तापलेल्या पोटाभोवती फिरवतं आणि तलावाला परत देतं. धार पडते आहे तोवर इंजिनाला धोका नाही. धार थांबली की त्याच क्षणी बंद करायचं. एवढ्या मोठ्या पाण्यातलं घोटभर पाणी घेऊन ते स्वतःला थंड ठेवत होतं आणि आठ-दहा माणसं पलीकडे नेत होतं. मी नुसता बघत राहिलो.

आबांनी धारेखाली तळहात धरला.

"कोमट हाय," ते म्हणाले. "लेकराच्या आंघोळीच्या पाण्यावानी."

पहिले दहा तास इंजिनाला पूर्ण वेग द्यायचा नव्हता आणि एकाच वेगात फार वेळ ठेवायचंही नव्हतं. थोडं हळू, थोडं जोरात, पुन्हा हळू. मी वहीत तास लिहायचो. आबांना वही लागत नव्हती. त्यांनी इंजिन वळवायचा दांडा हातात धरला की इंजिनाचा आवाज त्यांच्या मनासारखा चढायचा-उतरायचा. सरपंच एकदा कंटाळून म्हणाले, "यापेक्षा माझा रेडा लवकर पोचंल पलीकडं."

"मग रेड्यावर बसा की," आबा म्हणाले. "कोण न्हाई म्हणतंय."

नाव हसली. सरपंचही हसले.

एके दिवशी मधोमध पाण्यात आबांनी वेग कमी केला आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, काहीतरी चिकटलंय. मला आवाजात काही फरक वाटला नव्हता. धारही पडतच होती. इंजिन वर उचललं तर पाणी ओढायच्या भोकांवर शेवाळाचं एक पान बसलेलं. आबांना ते दांड्यातून हाताला कळलं होतं. मीही नंतर कितीदा तरी तो दांडा धरून बघितला. मला फक्त थरथर जाणवायची. पंचवीस वर्षं यंत्रं हाताळलेला मी, आणि ज्या माणसाने आयुष्यभर वल्हं धरलं त्याच्याशी यंत्र बोलत होतं. मला त्याचं नवल वाटलं, आणि त्या नवलाच्या बुडाशी थोडा हेवाही होता. त्या वेळी मी तो ओळखला नाही.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. दुकानातले चिमटे, हातोड्या, तार गुंडाळायचं यंत्र, सगळं धुऊन मांडलं, हळदकुंकू लावलं. त्या दिवशी कशालाही कामाला लावायचं नसतं. नावेचं इंजिनही वर उचलून ठेवलं होतं. त्याच्यासाठी मी घरच्या रानातल्या झेंडूचा हार केला. साधा दोरा जड फुलांनी तुटतो, म्हणून कॉइल बांधायचा पांढरा दोरा घेतला. तो हाताने ओढून कधीच तुटत नाही. हार पंख्याच्या तिन्ही पात्यांवरून फिरवून पक्का बांधला. फार सुंदर दिसत होतं. येणारी-जाणारी माणसं थांबून हात जोडत होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. यंदा सीमोल्लंघन पाण्यावरून करायचं असं सरपंचांनी ठरवलं. नवे सदरे, टोप्या, आपट्याची पानं घेऊन सगळे नावेत बसले. आबांनी इंजिन खाली सोडायला हात लावला आणि थांबले.

"मिस्तरी, हार काढून घ्या. दोरा हाय त्यात."

"पूजेचा हार हाय आबा," मी म्हणालो. "जमिनीवर टाकता येत न्हाई. पाण्यातच सोडायचा ना शेवटी? मग जाऊ द्या की तसाच पाण्यात."

नावेतल्यांना माझं उत्तर आवडलं. कुणीतरी म्हणालं, मिस्तरीचं डोकंच वेगळं. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग इंजिन पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली.

मागे पाण्यावर पिवळ्या-केशरी पाकळ्यांची लांबच लांब वाट उमटत गेली. लाटेबरोबर ती वर-खाली व्हायची, रुंद होत जायची. इतकं सुंदर काही मी आमच्या पाण्यावर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे घडलं होतं. फुलं सुटून मागे राहिली. दोरा कुठे गेला हे मी पाहिलं नाही.

वीस तास भरले की इंजिनाच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल बदलायचं असतं. परळीहून नवं तेल आणून ठेवलं होतं. सकाळी काठावर इंजिन उभं धरून खालचा स्क्रू काढला, मग वरचा. मधासारखं स्वच्छ तेल यायला हवं होतं. आलं ते ताकासारखं पांढरं. पाणी आत शिरलं होतं.

सरपंच दुधाचे कॅन पलीकडून यायची वाट बघत तिथेच उभे होते. मागे कापूस वेचायला निघालेल्या बायांची रांग. आबा गुडघाभर पाण्यात नाव धरून होते. मी पंख्याची पिन काढली, नट फिरवला, पंखा ओढून बाहेर घेतला. मागे दांड्यावर दोऱ्याचं एक वेटोळं बसलेलं. घासून घासून वितळलेलं, करपून काळपट तपकिरी झालेलं, बांगडीसारखं कडक. नखाने उकललं तेव्हा आतला एक पदर अजून पांढरा होता. दिवसाकाठी कितीतरी वेळा माझ्या बोटांतून जाणारा दोरा. मला तो बघायचीही गरज नव्हती.

"काय हाय ते?" सरपंचांनी विचारलं.

"दोरा."

"कशाचा?"

आबा दोऱ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"जाळ्याचा दिसतोय," मी म्हणालो.

सरपंच वळले. "आबा, मशीन घेऊन जाळ्यावर गेलता का काय?"

"न्हाई गेलतो."

"मग जाळं काय आपल्या पायानं चालत आलं?"

रांगेत कुणीतरी हसलं. दसऱ्याचा हार सगळ्यांनी पाहिला होता, नावेत बसलेल्यांनी तर माझं उत्तरही ऐकलं होतं. पण मिस्तरी म्हणाला जाळ्याचा, म्हणजे जाळ्याचा. कुणाला दुसरा विचार करायची गरज वाटली नाही. मी मान खाली घालून पुन्हा पंखा पुसू लागलो. तो आधीच पुसलेला होता.

चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून एक लाल दोरी त्याच्या मनगटाला अडकवलेली असते. आबांनी ती मनगटातून काढली.

"सरपंच, तुमी म्हणाल तसं," ते म्हणाले.

"आता तुमी मशीन चालवायची न्हाई," सरपंच म्हणाले. "मिस्तरीच चालवतील."

आबांनी ती दोरी माझ्या तेलकट हातात ठेवली.

पंख्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणारं सील त्या दोऱ्याने कापलं होतं, नवं यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस गाव पुन्हा तराफ्यांवर आलं. सील आलं तेव्हा मी दुकानाच्या उंबऱ्यात बसून ते कितीतरी वेळ निरखत होतो. नाण्याहून थोडंसं मोठं कडं. आत रबराची कड, नखाच्या टोकाइतकी पातळ, दांड्याला नुसती टेकलेली. दांडा मिनिटाला किती फेरे फिरतो त्याचा हिशेब नाही, आणि ही कड त्याला अडवतही नाही आणि सोडतही नाही. एका बाजूला वाटीभर तेल. दुसऱ्या बाजूला अख्खं धरण. एवढंसं रबर या दोघांना वेगळं ठेवतं. हे ज्याने कुणी सुचवलं त्याच्यापुढे मनातून मान लवली. मग आठवलं की ती कड कापली माझ्या गर्वाच्या हाराने.

सील बसवलं. तेल खालून भरत गेलो. पुस्तिकेत तसंच सांगितलंय, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. वरच्या भोकातून बुडबुडा नसलेली तेलाची सरळ धार आली तेव्हा दोन्ही स्क्रू बसवले. काम चोख झालं. सरपंचांनी पाठीवर थाप मारली. ती थाप मला दिवसभर पाठीवर जाणवत होती.

मग मी नाव चालवू लागलो. मला जमायचं, पण आबांसारखं नाही. काठाला नाव लावताना धक्का बसायचाच. एकदा एक बाई म्हणाली, "मिस्तरी, आबा न्यायचे तवा डब्यातलं कालवण सांडत न्हवतं." बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. पाणी मात्र रोज वेगळं दिसायचं. कधी काचेसारखं, कधी राखाडी. लांबवर परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आणि त्यांचा धूर पाण्यात उलटा उभा. आबांचा तराफा दूर जाळ्यांपाशी एक पांढरा ठिपका. नाव जवळून गेली तरी ते मान वर करत नसत.

एक गोष्ट मला कळत नव्हती. मी संध्याकाळी इंजिन वर उचलून ताडपत्री टाकून जायचो. सकाळी यायचो तेव्हा ताडपत्री माझ्याहून नीट बांधलेली असायची. पंखा कोरडा, पुसलेला. पाणी ओढायची भोकं एकदम साफ, शेवाळाचा धागा नाही. सरपंचांनी कुणाला तरी सांगितलं असेल असं मी धरून चाललो. खरं म्हणजे मी विचारलं नाही, कारण उत्तराची मला भीती वाटत होती.

दिवाळी झाल्यावर एकदा पहाटे फटफटायच्या वेळी मी मुद्दाम गेलो. थंडी पडली होती, पाण्यावरून वाफ निघत होती. आबा मांडीभर पाण्यात इंजिनापाशी उभे होते. दात घासायच्या जुन्या ब्रशने ते एकेक भोक घासत होते. घाई नव्हती. मग पंख्याच्या मागे बोट घालून दांडा चाचपला, काही गुंतलंय का ते पाहायला. पंख्याची तिन्ही पाती खांद्यावरच्या पंचाने पुसली. शेवटी इंजिनाच्या टोपावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले. मी पूजा केली होती हळदकुंकू लावून, चार लोकांना दाखवून. ही पूजा कुणी बघत नव्हतं.

माझी चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत.

"आबा, हे कशापायी करता?"

"चालवू नको म्हणले. पुसू नको म्हणलं न्हाई कुणी."

"आबा, तो दोरा..."

"तुमचा हुता. ठावं हाय मला."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाई?"

त्यांनी ब्रश पाण्यात खळबळून झटकला. "भोई म्हणला असता हाराचा, मिस्तरी म्हणले जाळ्याचा. लोकांनी कुणाचं धरलं असतं? आन मला वाटलं तुमीच बोलताल. चार दिस वाटलं. मग वाटायचं ऱ्हायलं."

मी तिथेच काठावर हात जोडले. चुकलं म्हणालो, माफ करा म्हणालो. आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, पण माफीही नव्हती.

"मला सांगून काय उपेग? मला तर म्हाईतच हाय. माझी सून पलीकडं कापूस येचाया जाती. बाया तिला इचारतेत, सासऱ्यानं मशीन कशी मोडली म्हणून. ती तुमच्या नावंत बसत न्हाई, तराफ्यावर जाती एकलीच. तिला सांगा. ज्यांच्यासमोर बोललाव, त्यांना सांगा."

एवढं बोलून ते पाण्यातून वर आले, धोतर पिळलं आणि ताडपत्रीची गाठ मारायला लागले.

मी घरी गेलो नाही. काठावरच बसून राहिलो. मला कशाची भीती होती तेही लिहितो. जो मिस्तरी स्वतःच्या हाताने नवं यंत्र बिघडवतो आणि दुसऱ्याचं नाव घेतो, त्याच्याकडे उद्या मोटार कोण आणील? हातात दुसरं काही नाही माझ्या. ऊन वर आलं. आबा थोडं पलीकडे जाळं सोडवत होते. एकेक करून बाया आल्या, दुधाचे कॅन आले, सरपंच आले. आबांची सून आली आणि नेहमीप्रमाणे रांग सोडून तराफ्याकडे चालू लागली.

"ताई, थांबा," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. सगळ्यांनी बघितलं.

लाल दोरी मनगटातून काढली.

"सरपंच, तो दोरा जाळ्याचा न्हवता. माझा हुता. कॉइल बांधायचा. दसऱ्याच्या हाराला मीच लावला हुता. आबांनी हार काढायला सांगितलं हुतं, तुमच्यासमोर सांगितलं. मी ऐकलं न्हाई. नंतर दोरा हातात आला तवा मी ओळखलाबी. तरी खोटं बोललो."

सरपंचांची नजर माझ्यावरून आबांवर गेली आणि मग पाण्याकडे वळली.

"आन आजवर गप का ऱ्हायला?" त्यांनी हळूच विचारलं.

"लाज वाटत हुती. दुसरं काय न्हाई."

मी आबांपुढे दोरी धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. सुनेकडे मान हलवली. तेव्हा मी तिच्याकडे वळलो. ती डोक्यावरचा पदर धरून उभी होती, माझ्या मुलीच्या वयाची असेल.

"ताई," मी म्हणालो, "तुमच्या सासऱ्यांनी कायबी मोडलं न्हाई. मोडलं मी, आन नाव त्यांचं घेतलं. तुमाला माझ्यापायी लोकांचं ऐकून घ्यावं लागलं. मी तुमची माफी मागतो, आन या सगळ्यांसमोर आबांची माफी मागतो."

ती तराफ्याकडे न जाता नावेत जाऊन बसली, तेव्हा आबांनी माझ्या हातातली लाल दोरी घेतली आणि मनगटाला अडकवली.